पर्समधला रोटर

रोटर तिच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला होता आणि बाबा सेल्फवर सेल्फ मारत होते.

इंजिन खरखरायचं, धापा टाकायचं आणि गप्प व्हायचं. ती चहाचे कप घेऊन शेडच्या दाराशी उभी होती. पाय एका जागी ठरत नव्हता.

"पेट्रोल येतंय, बॅटरी ठणठणीत आहे," बाबा स्टिअरिंगमागून म्हणाले. "मग हिचं घोडं अडलंय कुठे?"

"होईल हो. घाई काय आहे?" चोराच्या मनात चांदणं; तिचा आवाज उगाचच मोठा निघाला.

घोडं कुठे अडलंय ते तिला पक्कं ठाऊक होतं. रोटर म्हणजे अंगठ्याएवढा तुकडा. डिस्ट्रिब्युटरच्या टोपीखाली बसून तो फिरतो आणि एकेका प्लगला ठिणगी वाटतो. तो नसला तर बाकी सगळं नवंकोरं असलं तरी गाडी ढिम्म. हे तिला बाबांनीच शिकवलेलं. ते अशीच पिकअप चालवायचे. सुट्टीत तिला बरोबर न्यायचे आणि मुक्कामाला रोटर काढून तिच्या फ्रॉकच्या खिशात टाकायचे. "रोटर आपल्या खिशात, तर गाडी कुठे जात नाही. निवांत झोप."

गुरूची विद्या गुरूला, दुसरं काय.

ही पिकअप तरी कुणी आणली? तिनेच. आई गेल्यावर बाबा भिंतीकडे बघत बसायला लागले होते. ती दुसऱ्या गावी दवाखान्यात एक्स-रे काढायची. कामाच्या रगाड्यात महिनोन्महिने येणं व्हायचं नाही. मग एकदा भंगारवाल्याकडे ही दिसली. काचा फुटलेल्या, मागे कमरेइतकं गवत. बाबांनी एकच विचारलं, "हौदा लांबवालाच आहे ना?"

जुन्या पिकअपच्या लांब हौद्यात आई गादी टाकून आडवी व्हायची आणि आकाश बघत प्रवास करायची. "समुद्रापर्यंत असंच जायचं होतं तिला," बाबा म्हणाले. "राहूनच गेलं."

तिला वाटलं होतं, वर्ष-दोन वर्षं तरी हा उद्योग पुरेल. बाबांनी गंज खरवडला, पत्रा ठोकला, इंजिन खोलून पुन्हा बांधलं. शेजारच्या शिंपीकाकांनी सीट शिवून दिली. हां हां म्हणता गाडी उभी राहिली. रंग वाळला त्या दिवशी बाबा म्हणाले, "आता समुद्र."

समुद्र घाटापलीकडे होता. आणि डॉक्टरांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "हृदय अशक्त आहे. यांना एकट्याने गाडी चालवू देऊ नका." तिने समजावलं, रागावून पाहिलं. पालथ्या घड्यावर पाणी. आईपाठोपाठ बाबाही गेले तर? म्हणून मग रोटर.

तेव्हापासून ती दर रविवारी येत होती, बिघाड शोधायला. एका रविवारी बाबांनी डिस्ट्रिब्युटरची टोपी उघडली आणि डोळे बारीक करून आत पाहिलं. तिने पर्स छातीशी धरली.

"इथे सगळं जागच्या जागी आहे," म्हणत त्यांनी टोपी परत बसवली.

ती भिंतीकडे वळली. डोळे भरून आले होते. नुसत्या आवाजावरून दुखणं सांगणारा माणूस, त्याला रिकामी जागा दिसू नये?

आजही अंगण बाबांनी लख्ख झाडून ठेवलं होतं. व्हरांड्यात मात्र वेताच्या दोन्ही खुर्च्यांखाली वाळू होती.

"ही कुठून आली?"

"गंज घासायला आणलीय," बाबा म्हणाले आणि त्यांनी दुसऱ्यांदा पोहे मागून घेतले. उजवा हात कोपरापर्यंत रापला होता. म्हातारपणी उन्हात बसून राबतात, ती मनाशी म्हणाली, आणि तेही माझ्यामुळे फुकट.

शिंपीकाका चहाला आले. "पोरी, पूर्वी तू फक्त फोनवर भेटायचीस. गाडी बिघडली हे बरंच झालं म्हणायचं!"

"तू गप रे," बाबा म्हणाले. "आपले टाके घाल."

काका डाव्या हाताची सुटलेली साल खाजवत हसत बसले. दिवसभर मशीनवर वाकणारा माणूस, त्याला हसायला तेवढाच विरंगुळा.

निघताना बाबांनी विचारलं, "पुढच्या रविवारी कार्ब्युरेटर खोलू. येशील ना?"

"येते ना, बाबा."

आठवडा काही सरेना. मंगळवारी तिने एका आजोबांना एक्स-रेसाठी "श्वास रोखून धरा" सांगितलं आणि सोडा म्हणायचंच विसरली. शेवटी आजोबांनीच कसंबसं विचारलं, "सोडू का गं, बाई?"

"सोडा, सोडा!" ती म्हणाली आणि तिथेच तिला रडू आलं. कुणाचा श्वास आपण रोखून धरलाय, ते तिला कळलं.

बुधवारी तिने रजा टाकली. बसमध्ये वाक्य घोकत होती: बाबा, रोटर मीच काढला. आता मीच बसवते. पण समुद्राला मीही येणार, सांगून ठेवते.

भर दुपारी शिंपीकाकांचं दुकान बंद होतं. व्हरांड्यात खुर्च्या दिसेनात. बाबा शेडमध्येच बसले असणार. तिने रुमाल सोडला, रोटर मुठीत घट्ट धरला आणि शेडचं दार ओढलं.

फळीवर कार्ब्युरेटरसाठी पाने-स्क्रूड्रायव्हर ओळीने मांडून ठेवले होते, रविवारची सगळी तयारी. शेजारी नव्या रोटरची रिकामी डबी होती. खाली जमिनीवर चाकांचे माग होते, जुने, ताजे, जाणारे, येणारे, एकावर एक. गाडी नव्हती.