भाकिताची झालर

“जन्मदाखला मिळाला. मेंदूचं भाकीत कुठंय?” शाळेच्या मोठ्या बाईंनी विचारलं.

मालनने शेजारी उभ्या असलेल्या सहा वर्षांच्या लेकीकडे, इरावतीकडे पाहिलं. पोर अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मली होती. अशा प्रत्येक बाळाचा मेंदू यंत्र तपासायचं, त्याला पुढे काय जमेल आणि काय नाही ते छापून द्यायचं, आणि शाळा तेवढ्यावर त्याचा वर्ग ठरवून मोकळ्या व्हायच्या.

“आहे, पण जरा घोटाळा झालाय,” मालन म्हणाली. “आमचा धंदा गणपतीची मखरं करायचा. घरभर कागदच कागद. त्यात ते रद्दीत गेलं आणि हिच्या हाती लागलं.”

“फाडलं की काय?”

“फाडेल कशाला? मखरवाल्याची पोर आहे ती!”

मालनने पिशवीतली घडी टेबलावर उलगडली. भाकिताची नाजूक झालर झाली होती. मोर, वेली, जाळी, सगळं कात्रीनं कापलेलं. दोन मोरांच्या मधे छापील ओळ तेवढी शाबूत होती. मोठ्या बाईंनी चष्मा लावून वाचली: ‘डावा पाय ओढत चालेल. कात्री, पेन्सिल धरता येणार नाही.’

“पायाचं खरं निघालं,” मालन म्हणाली. “तो ओढतच तीन जिने चढून आलीय. आता बाकीचं जरा मोठ्यानं वाचा, बाई.”

बाई एकदा ती ओळ, एकदा कापलेले मोर पाहू लागल्या. इरावतीची नजर मात्र कपाटातल्या इतर मुलांच्या भाकितांच्या गठ्ठ्यावर होती. तिनं खिशातली कात्री काढली.

“बाई, ते कागदपण द्या ना. माझी झालर अजून पुरी व्हायचीय.”