गावातला वकील

“ऑल्डक्रॉफ्ट?” जॉयसचा चहाचा कप ओठांपाशीच थांबला. “अगं बेरिल, डोकं ठिकाणावर आहे ना तुझं? त्याच्याकडे कागद दिलेस तर विकायच्या आधी घर पडेल!”

बेरिल ट्रँटरनं शेजारणीपुढे बिस्किटांची बशी सरकवली. “गावातला माणूस आहे. समोर बसून बोलता येतं.”

“समोर बसून झोपताही येतं. तो तेच करतो.”

बेरिल हसली नाही. वरच्या खोलीत काठी जमिनीवर आपटली, तशी ती उठून जिना चढली.

तिचा नवरा डेझमंड खिडकीकडे तोंड करून पडला होता. त्या खिडकीची चौकट त्यानंच लग्नाच्या वर्षी बसवली होती.

“पाकोळ्या आल्या का गं?”

“इतक्यात कुठल्या? अजून बर्फ आहे बाहेर.”

“मी घरीच आहे ना?”

“घरीच आहेस.” तिनं त्याची उशी सारखी केली.

घर विकायचं निगेलनं ठरवलं होतं. निगेल म्हणजे त्यांचा मुलगा. तो लीड्सला असायचा.

“आई, डॉक्टर काय म्हणाले ते ऐकलंस ना? बाबांचे फार दिवस उरले नाहीत,” तो फोनवर म्हणाला होता. “तुला ते उचलवत नाहीत. माझ्या घराजवळ शुश्रूषागृह आहे, तिथं रात्रंदिवस नर्स असते. घर विकून पैसे हाती आले की लगेच त्यांना हलवू. शेवटी तरी त्यांचे हाल नकोत.”

त्याचं काही चुकत नव्हतं. बेरिल “बरं” म्हणाली. निगेलपुढे ती नेहमीच “बरं” म्हणायची. घर घेणारं तरुण जोडपंही त्यानंच मिळवलं. फक्त वकिलाची गोष्ट निघाली तेव्हा ती अडून बसली. निगेलनं लीड्समधली एक कंपनी पाहून ठेवली होती. सगळं काम संगणकावर, झटपट.

“वकील मी बघते,” बेरिल म्हणाली.

दुसऱ्या दिवशी जॉयसला डेझमंडपाशी बसवून ती बाहेर पडली. बेकरीच्या वरच्या वकिलीच्या ऑफिसातली तरतरीत मुलगी म्हणाली, “काळजीच नको, दोन महिन्यांत किल्ल्या देऊन मोकळ्या व्हाल.” बेरिलनं आभार मानले आणि ती खाली उतरली. बँकेशेजारचे दोघे भाऊ म्हणाले, “समोरच्या वकिलाच्या आम्ही हात धुऊन मागे लागतो.” तिथंही ती टेकली नाही.

ऑल्डक्रॉफ्टचं ऑफिस चर्चमागच्या गल्लीत होतं. टेबलावर कागदांचे ढीग, आणि सगळ्यांत उंच ढिगावर झोपलेलं मांजर.

“तुमच्या घराचे कागद जुने आहेत, मिसेस ट्रँटर,” तो चष्मा पुसत म्हणाला. “मी पानन् पान स्वतः वाचतो. कधी होईल ते मला विचारू नका.”

बेरिलनं हातमोजे काढले आणि ती खुर्चीत नीट बसली.

करारावर सही करून तिनं तो त्याच्या ताब्यात दिला. डेझमंडच्या वतीनं निगेलनं सही केली. “तारखेचं तुम्ही आणि निगेल बघा,” ती म्हणाली. तशी रीतच होती. दोन्ही वकिलांनी एकमेकांना फोन करून करार पक्का केला, की मग कुणालाच माघार नाही. तोवर सही झाली असली तरी कुणीही केव्हाही अंग काढून घ्यावं.

हिवाळा सरत आला. ऑल्डक्रॉफ्ट मागच्या गल्लीतल्या वहिवाटीच्या हक्कावर अडला होता. मग गटाराच्या नकाशावर अडला. निगेल फोनवर ओरडायचा. “आई, ती माणसं दुसरं घर बघायला लागलीत! ईस्टरपर्यंत थांबतील, पुढं नाही. आणि बाबा तिथंच गेले तर?”

“हो रे. ऑल्डक्रॉफ्ट बघतायत ना.”

फोन वाजला की हातातलं खाली ठेवून, टेबलाचा आधार घेऊन, मगच ती तो उचलायची. “अजून नाही” एवढं ऐकलं की वर जाऊन डेझमंडचा हात धरून बसायची.

“आरशात बघतेस का कधी?” जॉयस एकदा म्हणाली. “निम्मी झालीयेस. मी जाऊन झापते त्या ऑल्डक्रॉफ्टला.”

“नको गं. त्यांना त्यांच्या पद्धतीनं करू दे.”

“तुझा हा भिडस्तपणाच तुला खाणार!”

ईस्टरच्या आदल्या आठवड्यात पाकोळ्या आल्या. डेझमंडला त्या धड दिसत नव्हत्या, पण छपराखालची किलबिल त्यानं ओळखली. त्या सकाळी त्यानं चार चमचे सूप घेतलं.

दुपारी दारावर टकटक झाली. दारात ऑल्डक्रॉफ्ट उभा होता. कॉलर घामानं भिजलेली, दम लागलेला. त्याला भरभर चालताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

“झालं, मिसेस ट्रँटर! आज सकाळी करार पक्का झाला. निगेलशी बोललो, ईस्टरनंतरच्या शुक्रवारी ताबा द्यायचा. फोनवर सांगणार होतो, पण म्हटलं आपणच जावं.”

बेरिलनं दाराची कड धरली.

“तुमची शेजारीण आली होती,” तो जरा लाजत म्हणाला. “तुमची काय अवस्था झालीये ते तिनं सांगितलं. मला फार लागलं ते. बाकी सगळी कामं बाजूला ठेवली. उभ्या आयुष्यात मी कुणासाठी घाई केली नव्हती, ती तुमच्यासाठी केली.”

“आता मागे नाही घेता येणार?”

“छे! आता कुणाच्या बापालाही नाही. निश्चिंत राहा.”

वर काठी वाजली. “बेरिल, कोण आलंय गं?”

तिनं जिन्याकडे पाहिलं. मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “सगळं गाव सांगत होतं, तुम्ही वर्षभर लावाल. तेवढ्यात त्यानं आपल्या घरात, त्या खिडकीपाशीच डोळे मिटले असते, मिस्टर ऑल्डक्रॉफ्ट. म्हणून तर मी तुमच्याकडे आले होते.”