कमळीची पिकअप

कमळी बापाच्या जुन्या पिकअपमधून मोरा बंदरावरची कोलंबी आणून विकायची. "वास मारतो," म्हणत तिच्या खारघरच्या सोसायटीचे चेअरमन कल्पेशशेठ यांनी चारचौघांत ती गाडी गेटबाहेर काढायला लावली. स्वतःच्या पांढऱ्या गाडीत तर ते बायकोलाही चपला काढल्याशिवाय बसू देत नसत.

कमळीने वर्षभर तुर्भ्याच्या गॅरेजात राबून पिकअपला दांडगं इंजिन चढवलं आणि शेठना ट्रॅकवर शर्यतीला बोलावलं. हरेल त्याने जिंकणाऱ्याचं एक ऐकायचं. शेठ हसत हसत पांढरी गाडी घेऊन आले. पिकअपने त्यांना सपशेल धूळ चारली.

"लाव बाई, गेटच्या आत लाव," ते पुटपुटले.



"पार्किंग नको, शेठ. उद्या तुमची ही पांढरी गाडी बंदरावर आना, कोलंबीच्या पाट्या मागच्या सीटवर ठेवायच्या हायत. घाबरू नका, चपला काढूनच बसन मी."