मनानांगलचे पंख

प्रिंटरमधून निघालेल्या सोळाही पानांच्या कोपऱ्यात एकच नाव होतं, शिरीष राजाध्यक्ष. नुपूरने पानं पुन्हा चाळली. तिचं नाव कुठेच नव्हतं.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पाच महिने हाडाची काडं केली कोणी? टोकियोत, ओजिमाला घराशेजारच्या रोझालिंदाकाकूंच्या स्वयंपाकघरात बसून फिलिपिन्सच्या भुताखेतांच्या गोष्टी ऐकल्या कोणी? झाडावर बसून चिरूट ओढणारा राक्षस, वाटसरूंना चकवणारा घोडतोंड्या, एकेकाला चार रेषांत आणि दोन रंगांत बसवलं कोणी? आणि हा टीमलीडर शिरीष म्हणजे आयत्या बिळावर नागोबा!

हे चित्रांचं पुस्तक टोकियोतल्या फिलिपिनो आयांच्या मंडळासाठी होतं. इथे वाढणाऱ्या, जपानीतच भांडणाऱ्या पोरांना आपली भुतं तरी कळावीत, म्हणून. नुपूर पडली कंत्राटी. या पुस्तकावर नाव आलं असतं तर पुढचं काम आपणहून दारात आलं असतं.

"शुक्रवारी मंडळाच्या बायका येतायत," शिरीष म्हणाला. "तूही ये. जरा छान कपडे घालून."

"मी कशाला, शिरीषसान?"

"ये गं. फाइल तपासलीस ना नीट?"

"तपासतेय. दुपारी देते."

"मग मी उघडून बघत नाही. थेट पडद्यावर."

शोभेची बाहुली हवीय मेल्याला, ती मनात म्हणाली. थांब, तुझीच शोभा करते.

सगळे जेवायला गेल्यावर तिने मुखपृष्ठ उघडलं. त्यावर मनानांगल होती. ही बाई कमरेतून दुभंगते. वरचं अर्धं अंग पंख पसरून शिकारीला उडतं, पाय मागे उभे राहतात. फिलिपिन्सच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक. शिरीषला नाही, कारण त्याने एकही गोष्ट ऐकली नव्हती. नुपूरने पंखांचे दोन काळे त्रिकोण खांद्यांवरून उचलले आणि पायांना चिकटवले. आता पाय उडत होते आणि बाई जमिनीवर बसून बघत होती. "बस आता बोंबलत," म्हणत तिने फाइल पाठवून दिली. काय गार वाटलं म्हणून सांगू!

शुक्रवारी तोयोसुच्या ऑफिसात चाळीसेक बायका जमल्या. पहिल्या रांगेत रोझालिंदाकाकू होत्या, नातवंडांना घेऊन. नुपूर मुद्दाम मागे बसली. तिथून शिरीषचं तोंड नीट दिसणार होतं.

शिरीष कमरेत वाकला. "ही चित्रं माझी नाहीत," तो जपानीत म्हणाला.

नुपूरला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं.

"आमच्याकडे कंत्राटी माणसाचं नाव पुस्तकावर जात नाही. जायचं तर सगळ्या वरिष्ठांनी आधी होकार द्यावा लागतो, एकाचाही नकार चालत नाही. पाच महिने मी एकेकाच्या टेबलापाशी जाऊन बसलो. तोवर कागदांवर माझं नाव घालावं लागलं. जमेल की नाही, खात्री नव्हती, म्हणून नुपूरला बोललो नाही. शेवटचा शिक्का आज सकाळी पडला. नावांची पट्टी वेगळी बनवलीय, बटण दाबलं की ती मुखपृष्ठाखाली येईल."

नुपूर ताडकन उठली. "शिरीषसान, थांबा! ती फाइल..."

"अगं, लाजतेस काय, पुढे ये!" तो मराठीतच म्हणाला आणि हसत हसत त्याने बटण दाबलं.

भिंतभर पडद्यावर दोन पाय पंख पसरून आभाळात निघाले होते, आणि त्यांच्याखाली हातभर अक्षरांत छापलं होतं: कथा रोझालिंदा सांतोस, चित्रं नुपूर साठे.