ठेवू का फोन?

तेरावं झालं, मुलगी सासरी परतली आणि त्याच दुपारी कुमुदताईंचा फोन वाजला.

"नमस्कार, विमा कंपनीतून बोलतेय. रोपवेच्या अपघातात तुमचे यजमान गेले, ऐकून फार वाईट वाटलं."

पलीकडचा आवाज कुमुदताईंचा स्वतःचाच होता. ह्याच कंपनीची अब्रू सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी सरली होती आणि निवृत्त होताना त्या आपला आवाज कंपनीच्या फोन करणाऱ्या यंत्राला देऊन आल्या होत्या. मोठी दुर्घटना झाली, की आता तोच घरोघरी बोलायचा.

"जेवलात का?" आवाजाने विचारलं.

हा प्रश्नही त्यांचाच. क्लेमचं नंतर बोला, आधी जेवणाचं विचारा, असं त्या प्रत्येक मीटिंगमध्ये बजावायच्या.

"बसतेच आहे. आमटी तिखट झालीय, ह्यांना लागायची तशी."

"सावकाश जेवा. मी आहे."

पूर्वी एकदा यंत्राने एका रडणाऱ्या म्हाताऱ्याचा फोन मध्येच तोडला होता आणि कंपनीची सगळीकडे छी-थू झाली होती. तेव्हा कुमुदताईंनी नियमच करून टाकला: समोरचं माणूस 'आता मी ठीक आहे' असं स्वतः म्हणेपर्यंत आपण फोन ठेवायचा नाही.

त्यांनी फोन स्पीकरवर टाकून यजमानांच्या जागी ठेवला आणि पान वाढून घेतलं.

दिवेलागणीला आवाजाने पुन्हा हळूच विचारलं, "आता ठीक आहात ना? ठेवू का फोन?"

"नाही, अजून नाही," कुमुदताई म्हणाल्या आणि त्यांनी फोन चार्जिंगला लावला.