होय, पण

माउसवर हळदकुंकू वाहिलेलं पाहिलं आणि स्वरूप जागीच थबकला.

वेल्ह्याच्या बाजारात, एसटी थांब्यामागच्या गाळ्यात, पाटावर कॉम्प्युटर मांडला होता. मॉनिटरला झेंडूची माळ, पुढे नारळांचा ढीग. पडद्यावर त्याचाच ‘फासा’. कोपऱ्यात त्यानं हौसेनं काढलेला ड्रॅगन होता. त्यालाही कुणीतरी काचेवरून शेंदूर लावला होता.

‘फासा’ हा प्रोग्रॅम स्वरूपनं दोन वर्षं खपून लिहिला होता. तो भोरला कॉम्प्युटर क्लासात शिकवायचा. रविवारी मित्रांबरोबर टेबलाभोवती बसून खेळायचा: एकानं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी तिच्यातली पात्रं व्हायचं, आणि पुढं काय होणार ते फाशानं ठरवायचं. दार उघडेल का? पहारेकरी झोपलाय का? कळ दाबली की उत्तर येई. होय, नाही, ‘होय, पण’ नाहीतर ‘नाही, पण’. त्या ‘पण’मुळेच खेळाला रंग चढायचा. त्यानं तो मराठी-इंग्रजी दोन्हींत इंटरनेटवर फुकट ठेवला आणि खाली लिहिलं: ‘कुणीही घ्या, कशालाही वापरा. हा फासा लबाडी करत नाही.’ फिनलंडचे, ब्राझीलचे खेळणारे आभार मानत, चुका शोधून पाठवत. ते खालचं शेवटचं वाक्य स्वरूपला फार आवडायचं.

आणि इथं चिमाजी नावाचा हा इसम त्याच्यावर देवाचा कौल देत होता.

रतनबाई म्हणून एक बाई हात जोडून पडद्यापुढं बसली होती. “देवा, म्हस आटली ती माज्या धाकल्या जावंनं करनी केली म्हून का?”

चिमाजीनं कळ दाबली. ‘होय.’

बाई समाधानानं उठली. घरी जाऊन ती जावेचं काय करणार हे सांगायला देव नको होता.

“लाज नाही वाटत? हा फासा मी लिहिलाय,” स्वरूप म्हणाला.

“कशाची, मास्तर?” चिमाजीनं तंबाखूची पिंक गाळ्याच्या दारातच टाकली. “तुमीच लिवलंय न्हवं, कशालाबी वापरा म्हून? बरं झालं आला. त्यो ‘पण’ तेवडा काडा. लई ताप हाय बगा. देव कदी ‘पण’ म्हनतो व्हय?”

स्वरूप पाठ फिरवून निघाला. पुढचे दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही. आपल्या हातचं काहीतरी उकिरड्यात पडलंय आणि लोक ते चाटतायत असं त्याला वाटत राहिलं.

प्रेरणा त्याच क्लासात टायपिंग शिकवायची. घर पालीला, राजगडाच्या पायथ्याशी. दोघांचं ठरलं होतं. अडलं होतं ते तिच्या वडिलांपाशी, कोंडिबांपाशी.

“आबा गुरुवारी वेल्ह्याला चाललेत,” ती म्हणाली. “कौल घ्यायला. जे येईल ते शेवटचं म्हणतात.”

“चिमाजीकडे?”

“तुझ्या ड्रॅगनकडे.” ती हसायला गेली आणि हसूच आलं नाही. “उलटं आलं तर भोंगवलीचं स्थळ पक्कं करणारेत.”

“अगं, पण ते मी लिहिलंय! सांग ना त्यांना.”

“सांगितलं. म्हणाले, देवाची मूर्ती तरी कुणीतरी घडवलेलीच असते.” मग तिनं त्याच्याकडे रोखून पाहिलं. “तू काही करणार नाहीस ना?”

“छे! फासा सगळ्यांना सारखा.”

बुधवारी तो स्वतःहून सीडी घेऊन वेल्ह्याला गेला. “घ्या. ‘पण’ काढलाय.”

चिमाजी हरखला. स्वरूपनं त्याला एवढंच सांगितलं. एक ओळ त्यानं जास्तीची लिहिली होती, ती नाही सांगितली. गुरुवारी दिवसभर, कुणी काही विचारो, उत्तर एकच येणार होतं. होय. मुलगी द्यावी का? होय. शुक्रवारी फासा पुन्हा आपोआप सरळ होणार होता.

ती ओळ लिहिताना त्याला चिमाजीपेक्षा स्वतःचीच जास्त किळस आली होती. त्या दिवशी आणखी कोणकोण काय काय विचारेल, हेही मनात येऊन गेलं होतं. मग त्याला भोंगवलीचं स्थळ आठवलं आणि त्यानं बाकीचं सगळं झटकलं.

निघताना चिमाजीनं प्रसादाचा नारळ हातात कोंबला. परतीच्या एसटीत स्वरूपनं तो सीटखाली ढकलला आणि रुमालानं हात खसाखसा पुसले.

शुक्रवारी सकाळीच कोंडिबांचं बोलावणं आलं. आदल्या दिवशीच ते वेल्ह्याला जाऊन आले होते. स्वरूप इस्त्रीचा शर्ट घालून पालीला पोचला. पडवीत घोंगडी अंथरली होती. कोंडिबा उठून सामोरे आले. “या मास्तर, बसा.” त्यांनी आत वळून चहा सांगितला. दाराआड प्रेरणाच्या बांगड्या वाजल्या. स्वरूपचा जीव भांड्यात पडला.

चहा संपेपर्यंत कोंडिबा गडावर येणाऱ्या पोरांबद्दल आणि भाताबद्दल बोलले. मग त्यांनी कप खाली ठेवला.

“त्ये वेल्ह्याचं यंत्र तुमीच केल्यालं न्हवं?”

“हो.”

“खाली लिवलंय, लबाडी करत न्हाई म्हून. खरं का त्ये?”

दाराआड बांगड्या थांबल्या.

“अगदी खरं,” स्वरूप म्हणाला.

“मंग त्याचं ऐकाया पायजे.”

“ऐकायलाच पाहिजे.”

“द्यावी का न द्यावी, त्ये आमी बापानं ठरवायचं. त्ये देवाला कशाला इचारायचं?” कोंडिबा शांतपणे म्हणाले. “आमी येकच इचारलं, पोरगा लबाड हाय का? तर आलं, होय. ‘पण’-बिण काय न्हाई.”