पेटीतल्या सासूबाई

टुबुक.

हंड्यात थेंब पडला आणि पल्लवीनं धरून ठेवलेला श्वास सोडला. आवाज मिळाला. लेक पारू झोपली होती, सासूबाई परसात होत्या, कोंबड्याही कुठंतरी सावलीला गेल्या होत्या. घर दीड सेकंद गप्प राहिलं. पेटीला तेवढंच लागायचं.

पेटी म्हणजे भावानं बेळगावच्या जुन्या बाजारातून आणून दिलेला छोटा कीबोर्ड. वयानं पल्लवीपेक्षा मोठाच असेल. तांबडं बटण दाबून समोर कसलाही आवाज करावा, की तो त्याच आवाजात गायला लागतो. जरा घोगरा, सर्दी झाल्यासारखा. फक्त त्यात एका वेळी एकच आवाज राहतो. नवा भरला की जुना गेला. डावीकडच्या पट्ट्यांवर तिचा थेंब ढोलासारखा वाजला, उजवीकडच्यांवर पाखरासारखा. पारूच्या झोपेझोपेत त्याचं एक गाणं बसत आलं, अजून शेवट तेवढा सुचत नव्हता.

"ह्यात माझा आवाज भरता येतोय काय गं?"

दारात सासूबाई, फुलाबाई, उभ्या होत्या. आजवर त्यांनी पेटीकडं बघितलं होतं ते फक्त ती बाजूला सरकवायला.

कारण साधं होतं. रामनगरला रक्षिताचं, त्यांच्या लेकीचं, दुसरं बाळंतपण तोंडावर आलं होतं. ती रोज फोनवर विचारत होती, "आई, येतीस न्हवं?" आणि फुलाबाई रोज सांगत होत्या, "म्हस सोडंल तर येती." मंगल म्हस त्यांच्याशिवाय कुणाला धार काढू देत नसे. त्या खाली बसून "सोड गो बाय" म्हणत राहिल्या की पान्हा सोडायची. दुसरं कुणी बसलं की लाथ. पल्लवी सासूचं लुगडं नेसूनही बसून आली होती. वास जमला, आवाज जमला नाही. तिच्या नवऱ्यानं, सुदेशनं, आईचा आवाज फोनवर भरून ऐकवला, तर मधेच बँकेचा मेसेज वाजला आणि दुधाची चरवी पार गोठ्याबाहेर गेली. तेव्हापासून सुदेश नुसता खिशात हात घालायला लागला तरी मंगल पाय उचलते.

"येतोय की," पल्लवी म्हणाली. तिनं एकदा, शेवटचं, थेंबाची पट्टी दाबून बघितली. मग तांबडं बटण दाबलं.

फुलाबाई चूल फुंकायला वाकावं तशा पेटीवर वाकल्या. "सोड गो बाय."

पल्लवीनं पट्ट्या दाबल्या. सासूबाई बारीक झाल्या, मग जाड झाल्या, मग पार खाली जाऊन डरांव डरांव करायला लागल्या. पारू जागी झाली.

"आज्जी बेडूक झाली."

"ही मी हाय?" फुलाबाईंनी विचारलं. "मग इतकी वर्सं माझं ऐकून कसं घेटलासा गं तुमी?"

पल्लवी हसली. फुलाबाई मात्र पेटीकडं बघत राहिल्या. "आनी समज, मंगलनं ह्याच्यावर समदं दूध दिलं तर?"

"मग बरंच की. तुम्ही बिनघोर जावा."

भरलेल्या पिशवीतलं एक लुगडं फुलाबाईंनी बाहेर काढलं, पुन्हा घडी घातली आणि मांडीवर ठेवून बसून राहिल्या.

सकाळी रामनगरला न्यायला धाकलूचा टेम्पो अंगणात येऊन थांबला. म्हशीला वास लागू नये म्हणून फुलाबाईंना गोठ्याजवळ फिरकायची बंदी होती. पिशवी घेऊन त्या टेम्पोत बसल्या. आत सासूचं लुगडं नेसून पल्लवी म्हशीखाली बसली. पोत्यावर पारू, पारूच्या मांडीवर पेटी.

"ह्या तीनच पट्ट्या दाबायच्या."

पारूनं सगळ्या दाबल्या. "सोड-सोड-सो-सो-गो-बाय-बाय-सोड." मंगलचं रवंथ थांबलं. तिनं पेटीकडं बघितलं, पल्लवीकडं बघितलं, पुन्हा पेटीकडं बघितलं. कान हलवले. आणि चरवीत धार वाजली.

"मावशी," बाहेर धाकलू म्हणाला, "तुमी हितं बसलाय, मग आत कोन बोलतंय?"

"मीच हाय. गप बस."

थोडा वेळ नुसतीच पेटी ऐकू येत राहिली. मग टेम्पोचं दार उघडल्याचा आवाज आला आणि फुलाबाई भिंतीपलीकडून म्हणाल्या, "धाकलू, तू जा बाबा. मी काय येत न्हाई. रक्षिताकडं ती पेटीच पोचीव. माझ्याच आवाजात पोराला झोपवंल."

गोठ्यात पल्लवीचे हात थांबले.

तिला चरवी घेऊन बाहेर यायला जरा वेळच लागला. फुलाबाई खाली उतरून पिशवी पोटाशी धरून उभ्या होत्या. त्यांनी चरवीत डोकावून बघितलं.

"आर्धीच?"

"आर्धीच. पुढं पाय झाडायला लागली. पेटी ती पेटी."

फुलाबाईंचा चेहरा असा उजळला की धाकलूलाही बरं वाटलं.

"मला ठाव व्हतं. यंत्राला कुटं सोडती ती समदं." त्या परत टेम्पोत चढल्या, पुढच्या सीटवर ऐसपैस बसल्या. "म्हैनाभर आर्ध्यावर भागवा. चा काळा प्या. पोरीला तेवडं घाला. आल्यावर मी बघती तिच्याकडं. चल रं धाकलू, लेक वाट बघत आसंल."

धाकलू खिशात किल्ली चाचपत होता. पल्लवी पदरानं कपाळ पुसत होती. तेवढ्यात पेटी काखेत मारून पारू गोठ्यातून आली आणि अंगणभर ऐकू जाईल अशा आवाजात तिनं विचारलं,

"आई, बाकीचं दूध गवताखाली का झाकून ठेवलंस?"